सायकलची संस्था काढायची म्हणताय? मग विश्वस्तांचं काम आधी समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातला अकरा जणांचा सायकल ग्रुप, शनिवार-रविवार राईडला जातात, गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकाला गाडीने उडवलं (वाचला, पण पाय मोडला), तेव्हापासून मनपाकडे सायकलसाठी सुरक्षित रस्ते मागायचं ठरवलंय. आता ट्रस्ट रजिस्टर करायचा का, सगळे नोकरी-धंदा सांभाळून बिनपगारी करणार तर विश्वस्तांनी नक्की काय करायचं, आणि नवरा-बायको दोघं विश्वस्त झाले तर चालतं का.

मी अशाच एका संस्थेत गेली सोळा वर्षं विश्वस्त आहे, त्यातली सहा वर्षं सचिव होते. शहराचं नाव घेत नाही कारण पुढे ज्या कामाबद्दल सांगणार आहे त्यातले अधिकारी आजही आम्हाला मदत करतात.

पहिली गोष्ट, रजिस्ट्रेशनची घाई करू नका. मनपाला पत्र द्यायला, माहिती अधिकारात अर्ज करायला, बजेटसाठी सूचना द्यायला संस्था लागत नाही, नागरिक म्हणून सगळं करता येतं. संस्था तीन कारणांसाठी लागते: पैसे घ्यायचे असतील, कुणाला पगारावर ठेवायचं असेल, किंवा तुम्ही अकरा जण थकल्यावर सुद्धा काम चालू राहावं असं वाटत असेल. तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे आणि मला विचाराल तर विश्वस्ताचं खरं काम तेच. राईडचं नियोजन करायला, पोस्टर करायला, मोर्चात घोषणा द्यायला उत्साही माणसं मिळतात. पण इंजिनिअरची बदली झाली, नगरसेवक बदलले, आपल्यातला धडाडीचा माणूस नोकरीसाठी बंगलोरला गेला, तरी मागणी मागच्या पानावरून पुढे चालू राहिली पाहिजे, ती तशी चालू ठेवायची जबाबदारी विश्वस्तांची.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एका रस्त्याला सायकल ट्रॅक झाला आणि टू-व्हीलर घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब लावले. कल्पना बरोबर, पण खांब इतके जवळ जवळ की आमच्या रोडबाईक जेमतेम जायच्या आणि दूधवाल्याची सायकल, जिच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले असतात, ती जायचीच नाही. मी आणि आमचे खजिनदार काका सकाळी सहाला टेप घेऊन गेलो. आधी खांबांमधलं अंतर मोजलं, मग एका दूधवाल्या दादांना थांबवून त्यांच्या सायकलची कॅनसकट रुंदी मोजली. ते म्हणाले, ताई मी रोज इथे उतरतो, कॅन काढतो, सायकल पलीकडे नेतो, परत कॅन अडकवतो, आता कंटाळून रस्त्यानेच जातो. म्हणजे ज्याच्यासाठी ट्रॅक तोच ट्रॅकच्या बाहेर, बसच्या शेजारून.

आम्ही फोटो, मोजमाप आणि छोटा नकाशा जोडून पत्र दिलं, आवक क्रमांक घेतला. ज्युनिअर इंजिनिअर म्हणाले बघतो, चार महिन्यांनी त्यांची बदली. दुसरे आले, परत पत्र, सोबत जुन्या पत्राची प्रत. त्यांचीही बदली. तिसऱ्यांनी साईटला येऊन पाहिलं पण ठेकेदाराची मुदत संपली होती, नवं टेंडर निघेपर्यंत थांबा म्हणाले. चौथे आले तेव्हा त्यांच्या ऑफिसात या विषयाचा एकही कागद सापडेना, आम्ही आमची फाईल त्यांच्या टेबलावर ठेवली, तारखांनुसार लावलेली, आणि त्यांनी शांतपणे सगळी वाचली. तीन वर्षांनी प्रत्येक ठिकाणचा एकेक खांब निघाला. या तीन वर्षांत आमच्या कार्यकारिणीतले चार जण बदलले होते. फाईल नसती तर आम्ही पण चौथ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली असती.

म्हणून माझं म्हणणं, पहिलं एक वर्ष रजिस्ट्रेशन न करता नुसती फाईल सांभाळून बघा. एक रस्ता निवडा, फार तर दोन. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बसा, हजेरी आणि काय ठरलं ते वहीत लिहा, पत्रव्यवहार एका ठिकाणी ठेवा. वर्षाच्या शेवटी अकरापैकी किती जण येतायत ते बघा, जे उरतील ते तुमचे विश्वस्त.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली नोंदतात, १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, आणि तुमच्यासारख्या संस्थेत, जिथे पुढे सभासद वाढवायचेत, निवडणूक घ्यायची आहे, तिथे नुसत्या ट्रस्ट डीडपेक्षा (म्हणजे विश्वस्तांची नावं आणि नियम लिहिलेल्या दस्तापेक्षा) सोसायटी आणि ट्रस्ट अशी दोन्ही कायद्यांखाली नोंदणी हा मार्ग मला बरा वाटतो. ट्रस्ट डीडमध्ये चारपाच जणांच्याच हातात सगळं राहतं, आणि लोकांसाठी मागणी करणाऱ्या संस्थेला लोकांनी निवडलेलं मंडळ असणं शोभतं. लंडन सायकलिंग कॅम्पेन ही तिथल्या सायकलवाल्यांची संस्था १९७८ पासून चाललीय, तिथे विश्वस्त बिनपगारी असतात आणि सभासद मतदान करून त्यांना निवडतात. आपल्याला तेवढा पसारा नको, पण सभासदांना जाब विचारता आला पाहिजे हे तत्त्व घ्या.

रजिस्ट्रेशन झालं की लोक सुटलो म्हणतात, आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. विश्वस्त बदलला, कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, नवी कार्यकारिणी निवडून आली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आम्ही एकदा दिला नाही. अध्यक्ष आजारी होते, त्यांच्या जागी दुसऱ्यांना नेमलं, ठराव झाला, टाळ्या वाजल्या आणि कागद कपाटात राहिला. दीड वर्षाने बँकेत सही बदलायला गेलो तर त्यांनी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या आमच्या नोंदीचा, उतारा मागितला, त्यावर जुनीच नावं. मग विलंब माफीचा अर्ज, वकील, तारखा, आणि तोपर्यंत आलेली एक देणगी वापरता येईना कारण चेकवर सही करायला रेकॉर्डवरचा माणूस हवा. त्या काळात आमच्या समन्वयक मुलीचा पगार दोन महिने अडकला. ती काही बोलली नाही पण मला आजही त्याची लाज वाटते. चूक पूर्ण आमची होती. तेव्हापासून सभा संपायच्या आधीच चेंज रिपोर्ट कोण भरणार त्याचं नाव इतिवृत्तात लिहितो.

दरवर्षीचं ऑडिट वेळेत करा, आणि ग्रुपमध्ये कुणी सीए असेल तर त्याला लगेच विश्वस्त करू नका, कारण विश्वस्ताला आपल्याच संस्थेचं ऑडिट करता येत नाही. त्याला सल्लागार ठेवा किंवा ऑडिटर ठेवा, दोन्ही एकदम नाही. आणखी एक गोष्ट सर्रास होते, विश्वस्त खिशातून खर्च करतो आणि नंतर देऊ म्हणतात. आमच्याकडे मजुरांच्या सायकलींना मागे रिफ्लेक्टर लावायचा कार्यक्रम होता, खजिनदारांनी स्वतःच्या पैशांनी माल आणला, मनात काही नाही, पण हिशोबात ते संस्थेने घेतलेलं उसनं दिसायला लागलं आणि विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज उचलायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. द्यायचे तर देणगी म्हणून द्या, पावती फाडा. नाहीतर आधी खर्चाचा ठराव करा आणि बिलं जोडून परत घ्या.

पैशांबद्दल अजून थोडं, कारण इथेच चांगल्या संस्था घसरतात. ८० जी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सवलत देणारी मान्यता, मिळालं तरी दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, तेव्हा रोखीची सवयच लावू नका. दुसरं, राईडची फी. टी-शर्ट, मेडल, नाष्टा देऊन पाचशे-हजार रुपये फी घेणाऱ्या राईड तुम्ही कराल, सगळेच करतात, पण सर्वसाधारण लोकोपयोगी काम या सदरात नोंदलेल्या संस्थेच्या एकूण जमेत धंदेवाईक स्वरूपाची जमा वीस टक्क्यांच्या वर गेली तर आयकरात अडचण येते. पहिली मोठी राईड करायच्या आधी सीएंशी बसा, नंतर नको. तिसरं, परदेशातले नातेवाईक. अमेरिकेत असलेला मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते परकीय योगदान धरत नाहीत, पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तो पैसा परकीय, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपया घेता येत नाही. नव्या संस्थेला ती नोंदणी तीन वर्षं तरी मिळत नाही. भाऊ आपलाच आहे म्हणून खात्यात टाकायला सांगू नका.

प्रायोजकांचं मात्र कायद्यापेक्षा मनाने ठरवायचं असतं. ज्या बिल्डरच्या प्रकल्पासमोरचा फूटपाथ-ट्रॅक वाद तुम्ही उद्या मांडणार आहात त्याचं नाव आज टी-शर्टवर नको. आमच्या मंडळात सायकलच्या दुकानाचे मालक आहेत, अतिशय सचोटीचे, तरी सायकली खरेदीचा विषय निघाला की ते स्वतः उठून बाहेर जातात आणि तसं इतिवृत्तात लिहिलं जातं. हे पहिल्या सभेपासून केलं तर कुणाला अपमान वाटत नाही, पाचव्या वर्षी सुरू केलं तर वाटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मंडळात कोण. तुमचे अकराही जण गिअरच्या सायकलवाले असणार, हेल्मेट, जर्सी, राईड नोंदवायचं स्ट्राव्हा ॲप. वाईट काही नाही, मीही तशीच आले. पण शहरात रोज सायकल चालवणारा माणूस वेगळा आहे आणि तो पहाटे दिसतो.

सुरुवातीच्या दिवसांत आम्ही एका चौकात सायकली मोजायचं ठरवलं. पहाटे साडेपाचला दोघीजणी वही घेऊन, चार उभ्या एक आडवी अशा रेघा मारत. पेपरवाले, दूधवाले, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, हँडलला डबा अडकवून साईटवर निघालेले मजूर, कॅरिअरला झाडू बांधलेल्या एक मावशी. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, दिवा एकाच्याही सायकलला नाही. थोड्या वेळाने एक वयस्कर गृहस्थ पुढे जाऊन परत आले, उतरले, आणि हळूच विचारलं, "बाई, इथनं सायकल बंद करणार हाय काय?" त्यांना वाटलं आम्ही सरकारी, आणि सरकारी माणूस वही घेऊन सायकली मोजतोय म्हणजे हाकलायलाच. मी त्यांना समजावलं, त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, मान हलवून गेले.

त्या आठवड्यात आमच्या सभेत पहिल्यांदा भांडण झालं. निम्म्या लोकांना घाटाकडे जाणारा सलग गुळगुळीत ट्रॅक हवा होता, आणि त्या सकाळी चौकात असलेल्या आम्हा दोघींना चौकातला सिग्नल, खांबांमधलं अंतर आणि रात्रीचे दिवे हवे होते. शेवटी ठराव झाला की संस्थेची प्रत्येक मागणी आधी रोज कामाला सायकलने जाणाऱ्याच्या नजरेतून तपासायची. त्या ठरावावर दोन जण सोडून गेले, आणि तो ठराव मला आजही बरोबर वाटतो. आज आमच्या मंडळात एक निवृत्त वॉचमन आहेत. सभा त्यांच्यासाठी रविवारी दुपारी ठेवतो, अजेंडा मराठीत काढतो, यायचा खर्च संस्था देते. अशा माणसाला नुसतं नावाला घेतलं तर ते त्याच्यावर अन्याय आहे, त्याला बोलता येईल अशी सभा ठेवली पाहिजे.

मागणी नीट तपासण्याचं आणखी एक कारण. सायकल ट्रॅक म्हटलं की आपण डोळे झाकून टाळ्या वाजवतो. मुंबईत पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि केलेलं बांधकाम काढायला सांगितलं. सायकलप्रेमी म्हणून त्या ट्रॅकला आधीच पाठिंब्याचं पत्र देऊन बसलो असतो तर आपण कुठे राहिलो असतो, हा प्रश्न आम्ही तेव्हा सभेत स्वतःला विचारला होता. विश्वस्तांना सायकलच्या नावाने आलेल्या प्रकल्पालाही नाही म्हणता आलं पाहिजे. मुंबईतल्याच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) ट्रॅकवर गाड्या पार्क व्हायला लागल्या हे तर ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, ट्रॅक बांधून घेणं अर्धंच काम.

मनपाकडे जाताना पुण्याचं उदाहरण अभ्यासा. पुण्याच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, सुमारे ८२४ किलोमीटरचं जाळं, ३३५ कोटींचा अंदाज. त्याच सुमाराला भाड्याच्या पिवळ्या-नारिंगी सायकली रस्तोरस्ती दिसायला लागल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. मार्च २०२२ मध्ये तिथल्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, म्हणजे ज्या नगरसेवकांशी संस्थांनी वर्षानुवर्षं बोलणं ठेवलं ते पदावरच राहिले नाहीत. यातून मी शिकले ते हे की आराखडा मंजूर झाला त्या दिवशी पेढे वाटा पण दुसऱ्या दिवसापासून दरवर्षीच्या बजेटमध्ये त्याला तरतूद किती, खर्च किती, वर्गीकरण करून पैसे दुसरीकडे वळवले का, हे बघायला एक विश्वस्त नेमा. कंटाळवाणं काम आहे, ज्याला आकडे आवडतात त्यालाच द्या.

पत्रात भावना कमी आणि आधार जास्त. माणसांची ये-जा महत्त्वाची, वाहनांची नव्हे, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे, त्याचा उल्लेख करा. ट्रॅकच्या रचनेसाठी रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं ११ नंबरचं मार्गदर्शक आहे, २०१५ साली सुधारलेलं, इंजिनिअर लोक त्याच भाषेत बोलतात. आणि कायमचं बांधकाम मागण्याआधी रस्त्यावर ठेवायचे ट्रॅफिक कोन आणि रंग वापरून महिनाभर तात्पुरतं करून बघा म्हणा. २०२० मध्ये केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज उपक्रमात नागपूर आणि पिंपरी-चिंचवडने तसे प्रयोग केले, दोन्ही शहरं निवडलेल्या अकरांत आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या मनपाला हे जमतं असं तुम्हाला ठामपणे सांगता येईल.

निवडणुकीत मात्र सांभाळा. ट्रस्टने कुठल्या पक्षाचा प्रचार करायचा नाही, विश्वस्ताने उमेदवाराच्या व्यासपीठावर संस्थेच्या नावाने बसायचं नाही, ज्याला उभं राहायचंय त्याने आधी राजीनामा द्यायचा. पण मुद्दा जोरात मांडता येतो. लंडनच्या संस्थेने २०१२ च्या महापौर निवडणुकीत सगळ्या उमेदवारांपुढे एकच मागणी ठेवली, हजारो सह्या गोळा केल्या आणि प्रमुख उमेदवारांनी सगळ्यांनीच ती मान्य केली. आपल्याकडे प्रभागात हेच करता येतं, सगळ्यांना तेच तीन प्रश्न, उत्तरं जशीच्या तशी सभासदांपुढे ठेवायची, ज्याने दिलं नाही त्याच्यापुढे उत्तर आलं नाही एवढंच लिहायचं.

पुढेमागे एखादा पगारी समन्वयक ठेवाल. तेव्हा विश्वस्तांची सगळ्यात मोठी परीक्षा असते कारण आपण बिनपगारी रात्री अकराला काम करतो म्हणून तिनेही रात्री अकराला फोन उचलावा असं वाटायला लागतं. ती नोकरी करतेय. तिला सूचना देणारा एकच विश्वस्त ठरवा, बाकीच्यांनी त्याच्यामार्फत बोलायचं. आमच्याकडे सात जण सात कामं सांगायचे, पहिली मुलगी आठ महिन्यांत गेली आणि जाताना तिने एवढंच विचारलं की यातलं माझं काम कुठलं होतं. त्यानंतर आम्ही जबाबदारीचा कागद केला.

संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहिताना विश्वस्तांना मुदत घाला, तीन वर्षं, सलग दोनदाच, मग एक मुदत बाहेर. दर वर्षी एक तृतीयांश बदलतील असं बसवलं तर जुनी माणसं नव्यांना शिकवतात आणि संस्था एकदम रिकामी होत नाही. माझीही मुदत पुढच्या मार्चला संपतेय, फाईली स्कॅन करून नव्या सचिवांना द्यायचं काम सध्या चालू आहे, अजून दोन कपाटं बाकी आहेत.

नवरा-बायकोचं विचारलंत ते राहिलं. दोघांनी सभासद जरूर व्हा. विश्वस्त मात्र दोघांपैकी एकानेच व्हावं असं मी सांगेन, आणि बँकेच्या सह्यांत तर दोघं एकत्र अजिबात नकोत. सह्या तिघांच्या ठेवा, चेकला कुठल्याही दोघांच्या लागतील अशा, म्हणजे एक जण गावाला गेला तरी पगार अडणार नाही.